माझ्या तारखेची नोट

अण्णा, परवा बोरिवलीला तुमच्या भाचीकडे जाऊन आले, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाहीये. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याहून वयाने मोठी आहे. तरी लिहायला बसले की मी मुलुंडच्या त्या दोन खोल्यांतली तुमची धाकटी होते, आणि तोच जुना हेवा घशाशी येतो.

तुम्ही बँकेत कॅशियर. दिवसभर लोकांचे पैसे तुमच्या बोटांखालून जायचे आणि तुमचं लक्ष रुपयाच्या नोटांच्या नंबरांवर असायचं. सहा आकडे. पहिले दोन तारीख, मधले महिना, शेवटचे साल. घरातल्या कुणाचा दिवस जुळला की खिशातला स्वतःचा रुपया गल्ल्यात टाकून ती नोट तुम्ही घरी आणायचात. तुमच्या आणि आईच्या लग्नाच्या तारखेची नोट लग्नाच्या फोटोच्या चौकटीत होती. थोरल्या भावाची त्याच्या मुंजीआधीच सापडली होती. राहिले होते मी. संध्याकाळी तुम्ही पाय धुऊन स्वयंपाकघरात पाटावर टेकता, आई स्टोव्हवरचा चहा गाळून कपबशी पुढे सरकवते, आणि मी दाराला धरून उभी. "आज?" मी विचारते. तुम्ही बशीत चहा ओतता. "आज नाही गं. येईल ना, जातेय कुठे?" तेवढ्यावर माझा दुसरा दिवस जायचा.

मग ती आली. तुमची एकुलती एक बहीण कोकणात वारली आणि दिवसकार्य उरकून तुम्ही तिच्या मुलीला आमच्याकडे घेऊन आलात. माझ्याहून जराशी मोठी, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, हातात पत्र्याची ट्रंक. मला तिची दया आली होती, खरंच. माझी उशी मी आपण होऊन तिला दिली. पण तिला आमच्याकडे रुळायलाही वेळ मिळाला नव्हता, तोच एका संध्याकाळी तुम्ही चपला न काढताच आत आलात. कोटाच्या आतल्या खिशातून नोट काढून तिच्यापुढे धरलीत. "बघ, तुझ्या जन्माचा दिवस!" तिने हात पुढे केला नाही. "मामा, ही माझी?" "तुझी नाही तर कुणाची?" तुमचा आवाज इतका आनंदी मी कधी ऐकला नव्हता.

जेवताना मी म्हटलं, "ती काय आपल्या घरातली आहे? तिची आधी कशी सापडली?" तुमचा घास हातात राहिला. तुम्ही कधी ओरडत नसायचात, तेव्हाही ओरडला नाहीत. "ऊठ. ताट घे आणि तिच्या शेजारी जाऊन बस. हे शब्द पुन्हा माझ्या कानावर आले तर माझ्या पंगतीला बसायचं नाही." मी जाऊन बसले. तिने आपला पापड मोडून मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला. मी तो तसाच टाकून उठले.

पुढे कधीतरी तुम्ही एक नोट आणलीत. तारीख माझी, महिना माझा, साल मात्र पुढचं. "घे, एका वर्षाने लहान झालीस," म्हणालात. थट्टेत म्हणालात, पण डोळे माझ्या तोंडाकडे होते. "मला दुसऱ्या कुणाची नको," मी म्हटलं, "आणि आता माझीही नको. शोधूच नका." तुम्ही नोट खिशात घातलीत. मला वाटलं होतं तुम्ही आग्रह कराल. त्यानंतर घरात माझ्या नोटेचा विषय निघाला नाही. मी विचारणं सोडलं, तुम्ही सांगणं सोडलंत. मी धरून चालले की शोधणंही सुटलं.

त्याच सुमाराला मला विषमज्वर झाला. आई डोक्याशी बसून असायची. एका दुपारी माझ्या ओठांना मोसंबीचा रस लागला, आणि तेवढ्या तापातही तो गोड लागल्याचं आठवतं. बरी झाल्यावर कळलं, तुमच्या भाचीने आपली नोट मोडून स्टेशनाबाहेरच्या गाडीवरून मोसंबी आणली होती, आणि उरलेले नवे पैसे आईच्या हातात ठेवले होते. आता तुम्ही तिच्यावर रागवाल म्हणून मी अंथरुणात कान टवकारून पडले होते. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "अगदी आईवर गेलीस गं." माझ्याकडे नोट असती तर मी ती मरेपर्यंत जपली असती, अण्णा. तिने ती घालवली, आणि घालवूनही तीच जिंकली.

मॅट्रिक झाल्यावर ती फोर्टात टायपिस्ट म्हणून लागली. तुमची बँकही तिथलीच, म्हणून संध्याकाळी तुम्हाला घ्यायला बँकेत जायची. स्टेशनावरून तुम्ही दोघं बोलत बोलत चालत येताना मला गॅलरीतून दिसायचात. तुम्ही तिची पिशवी धरलेली असायची. मी आत जाऊन उगाच भांडी आपटायची.

परवा तिच्याकडे चहा घेताना माझ्या तोंडून गेलंच, "तुझी नोट त्यांना पटकन सापडली हो." तिने कप खाली ठेवला. "अजून तेच? अगं, तुला माहीतच नाही वाटतं! मी बँकेतल्या बाकड्यावर बसून कंटाळून जायची. हिशेब मिटलेला असायचा, शिपाई दारं लावत असायचा, आणि मामा आपले रुपयांचं पुडकं सोडून पुन्हा नंबर बघतायत. मी म्हणायची, मामा, चला ना आता. तर म्हणायचे, थांब जरा, धाकटीची राहिलीय."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. रिटायर होईपर्यंत. शेवटच्या दिवशीसुद्धा! आणि वर मला दम, घरी बोलू नकोस, ती चिडते. माझी एकदा सापडली, संपलं. माझ्यासाठी पुन्हा कुणी कशाला शोधतंय? मला तर तुझा इतका राग यायचा ना, काय सांगू! वाटायचं, हिची कधी सापडूच नये."

ती हसत होती, पण डोळे पुसत होती. मी तिचा हात हातात घ्यायला हवा होता. आईवेगळी पोर, आयुष्यभर माझ्यासमोर मान खाली घालून वावरली. तिने ते असं उघड्यावर मांडलं, आणि मी बिस्किटाची बशी तिच्यापुढे सरकवली.

हे पत्र घडी करून जुन्या साड्यांत ठेवीन, दुसरं काय करणार? पण तुम्हाला म्हणून सांगते, अण्णा. तिला माझा हेवा वाटायचा हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की निघताना दारात चपला घालता घालता, कमी ऐकू येतं असं दाखवून, मी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.