आधी तुझं रक्त काढ

ती. आईस थोरलीचा नमस्कार.

बाबांचा खोकला कसा आहे? मी वेळेवर जेवते, काळजी नको.

इथल्या तापावर संशोधन करायला आम्ही घरोघर रक्ताचे नमुने घेतोय. पण आम्ही रक्त विकतो अशी आवई उठली आणि परवा गल्लीने आम्हाला घेरलं. कुणीतरी नमुन्यांची पेटी हिसकावली. तेवढ्यात इस्त्रीवाल्या मावशी पुढे आल्या. त्यांचा भाऊ याच तापाने गेला.

“आधी तुझं रक्त काढ, माझ्यासमोर,” त्या म्हणाल्या.

मी बाही वर केली. मग त्यांनीही हात पुढे केला, आणि मागोमाग सगळी गल्ली आली.

आज निकाल आले. मावशी ठणठणीत आहेत. जंतू माझ्या रक्तात सापडले. घाबरू नकोस, लवकर कळलंय, औषध सुरू झालंय. ताप डासांमधून पसरतो म्हणून मला मच्छरदाणीत ठेवलंय, एवढंच. अंग अजून गार आहे; सारखी कपाळाला हात लावून बघते.

मावशी उशाशी बसल्यात. “आईला कळवलंस?” असं त्यांनी सकाळी विचारलं, तेव्हा मी हो म्हणून थाप मारली. आत्ता पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र कागद मागितला.

तुझीच,
थोरली