गोठ्यामागच्या मुंग्या

उंद्री,
कार्तिक वद्य चतुर्थी

प्रिय अन्नपूर्णा,

अक्षर पाहून घाबरू नको, घरी सगळे खुशाल आहेत. हे पत्र मीच लिहिते आहे. दुपारी शाळेत आम्हा बायांचा वर्ग भरतो, तिथे दोन पावसाळे पाटी गिरवली. बाई म्हणतात, कागदावर मले-तुले लिहू नये, मला-तुला लिहावं. तसं लिहिते, कुठे घसरले तर सांभाळून घे. मास्तरांकडून लिहून घेतलं असतं, पण यातलं मास्तरांना सांगण्यासारखं नाही. तूही चौथी शिकलेली आहेस, एकटी बसून वाच.

आधी गोड बातमी. तुझ्या धाकट्या भावाला, इंद्रभानला, मुलगी झाली. प्रतिपदेला, कापूस वेचून बाया घराकडे परततात त्या वेळेला. लग्नानंतर नऊ वर्षांनी. रुक्मिणीची आई कधीच वारली, म्हणून सुनेचं बाळंतपण मीच इथे केलं. पोर सावळी आहे, नाक थेट तुझं. दिवसातून चारदा न्हाऊ घातलं असतं मी तिला, सुईण रागावते म्हणून एकदाच घालते. शेजारची भिमाबाई म्हणाली, 'पोरगी झाली त एवढी काऊन नाचून राह्यली वं?' मी म्हटलं, 'माह्या आंगणात नाचून राह्यली, तुह्या काऊन पोटात दुखते?' तेव्हापासून ती ताक मागायला आली नाही. बरंच झालं.

आता खरी गोष्ट. इंद्रभान जिनिंगात कापूस मोजायला बसतो हे तुला माहीत आहे. बसून बसून त्याचं अंग सुटलं. मूल होईना, तशी मी त्याचे लाडू वाढवले. पुरुषाच्या अंगात ताकद हवी ना. सकाळी डिंकाचे दोन, झोपताना दुधात गूळ आणि वर तूप. रुक्मिणीला मात्र सोमवार, शनिवार, चतुर्थी आणि पिंपळाला एकशे आठ फेऱ्या. तो फुगत गेला, ती वाळत गेली. आणि मी चारचौघींत सांगत फिरले की खोट हिच्यातच आहे. थोरला भगवान म्हणाला, 'माय, आता दोन बायका कराले कायदा नाही,' तरी मी मोताळ्याच्या बाजारात एक मुलगी पाहूनही ठेवली होती. रुक्मिणीला हे कळलं होतं. त्या दिवशी तिने भाकरी थापल्या आणि स्वतः जेवली नाही, एवढंच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात इंद्रभानच्या मानेवर गळू झालं. पोटिसं बांधली, भरेना. त्याला चिखलीच्या डॉक्टरकडे नेलं, मीही बरोबर गेले. डॉक्टरने गळू पाहिलं आणि लघवी मागितली. काचेच्या नळीत निळं पाणी घेऊन त्यात चार थेंब टाकले, दिव्यावर धरलं. माझ्यादेखत ते निळं पाणी विटेसारखं लाल झालं गं. म्हणाला, 'याले साखरेचा आजार आहे.' मग विचारलं, लेकरं किती. मी सांगितलं, सून वांझ आहे. तो म्हणाला, 'सुनेचं कोणी सांगितलं तुमाले? अंगात चरबी अन् रक्तात साखर चढली की बाप्याचं बीजही कमजोर होते. आधी याले सुधरवा.' आणि खातो काय म्हणून विचारलं. मी मोठ्या कौतुकाने लाडवांचं सांगितलं, दुधातल्या गुळाचंही. डॉक्टरने तिथेच सगळं गोड बंद करायला सांगितलं.

अन्नपूर्णा, पेरणीआधी आपण मूठभर ज्वारी ओल्या गोणपाटात बांधून ठेवतो, उगवण बघतो, मगच तिफण जुंपतो. न तपासता पेरलं आणि उगवलं नाही, तर वावराला शिव्या देणाऱ्याला गाव हसेल. मी पन्नास पेरण्या पाहिल्या. पण लेकाचं बियाणं तपासावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाप्याचं बियाणंही नासतं हेच ठाऊक नव्हतं.

गूळ बंद, साखर बंद, लाडू बंद. जिनिंगात तो आता पायी जातो, येतो, आणि सुट्टीच्या दिवशी वावरात कोळपं धरतो. पहिले दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही. पँट सैल झाली, गळू भरलं, आणि या फाल्गुनात रुक्मिणीने लोणच्याची बरणी मागितली. डॉक्टर म्हणतो, सगळ्यांचंच असं होत नाही, तुमचं झालं.

पण डॉक्टरने त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं. 'लघवी केली तिथं मुंग्या लागतात का?' इंद्रभानचं मला ठाऊक नव्हतं. पण मला गोठ्यामागची भिंत आठवली. जावईबापू, तुझे हिंमतराव, धोंड्याच्या महिन्यात आठ दिवस राहायला आले होते. तांब्याभर पाणी प्यायचे आणि पुन्हा तांब्या मागायचे. गोठ्यामागे काळ्या मुंग्यांची ही रांग लागली. मी आणि भिमाबाई पदर तोंडाला लावून हसलो. 'जावई लई गोड आहे वं बाई,' ती म्हणाली. आणि मी त्यांना आणखी पुरणपोळ्या वाढल्या. त्याच्या दुसऱ्या वर्षी ते सवतीचं विचारायला आले, तर होकार मीच दिला. तुला म्हटलं, डोळे पूस आणि सरस्वतीला हळदकुंकू लाव. आज पंधरा वर्षं झाली, तिचीही कूस उजवली नाही. तुम्ही दोघी एकाच पिंपळाला फेऱ्या घालता आणि तरी खोट कुठे आहे ते मला कळलं नाही.

मी डॉक्टर नाही. पण तू मागे लिहिलंस ना, त्यांचा अंगठा चिघळतो, भरत नाही, रात्री चारदा उठतात. त्यांना लवकर डॉक्टरकडे ने. मूल आता न होईना का, पाय तरी वाचेल. हे मी दीड वर्ष पोटात ठेवलं, कारण नातीचं तोंड दिसेपर्यंत माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. आणि खरं सांगते, तुला लिहायची हिंमतही नव्हती.

आता हे का लिहिलं ते सांगते. भगवानच्या धाकट्याचं बारसं होतं, तेव्हा नाव ठेवायचा मान तुझा होता, तू आत्या. बाळ तुझ्या मांडीवर होतं. भिमाबाई कुजबुजली, 'वांझेच्या हातून नको वं,' आणि मी उठून ते तुझ्या मांडीवरून उचललं आणि पाळण्यात घालायला तिच्याकडे दिलं. तू माठातलं पाणी प्यायला म्हणून आत गेलीस. त्यानंतर आपल्या घरच्या एकाही बारशाला आली नाहीस. दर वेळी लिहिलंस, वावरात काम आहे. या द्वादशीला काम काढू नको. सरस्वतीलाही घेऊन ये, दोघींची ओटी भरायची राहिली आहे माझ्याकडून. पाळणा टांगून ठेवते, दोरीला मी कोणाला हात लावू देणार नाही. नाव तूच सांगायचं, तिच्या कानात, पहिल्यांदा. तू आली नाहीस तर पोर तशीच बिननावाची राहील, मी भगवानला सांगून ठेवलं आहे. तोवर सगळे तिला नुसतं बाय म्हणतो. ये माय. मले माफ कर.

तुझीच,
उशिरा शहाणी झालेली आई
सोजराबाई