अर्ध्या घराची किंमत

श्रूजबरी,
१९ डिसेंबर २०२४

प्रिय केदार,

तुला, प्रीताला आणि अक्षतला आशीर्वाद. अक्षतचा खोकला गेला का? इथे तीन दिवस बर्फ पडतोय. तुझ्या दाजींची नवी नोकरी बरी आहे. पगार आधीपेक्षा कमी, पण आहे.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

नैनाला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला, हे तुला कळलंच. पेढे वाटू नकोस. तिने अर्ली डिसिजनने अर्ज केला होता. म्हणजे वर्ष संपायच्या आत उत्तर मिळतं, पण एकाच कॉलेजला शब्द द्यायचा आणि त्यांनी घेतलं तर तिथेच जायचं. त्या करारावर तिच्याबरोबर मीही सही केली. आर्थिक मदत अगदीच अपुरी असेल तरच त्यातून सुटका. मदतीचं पत्र सोमवारी आलं. आम्ही धरली होती तिच्या निम्मीसुद्धा नाही.

मी कॉलेजात फोन करून मदत इतकी कमी का, म्हणून विचारलं. बाई गोड आवाजात म्हणाली, "तुमचं भारतात घर आहे ना?"

आहे. विश्रामबागचं. बाबा गेल्यावर उताऱ्यावर आपल्या दोघांची नावं लागली, ती तशीच आहेत. केदार, ते घर माझंही आहे, असं नऊ वर्षांत मला म्हणणारी ती पहिली बाई.

नैना शेजारीच उभी होती. म्हणाली, "आई, डू वी एव्हर स्टे देअर?" मी नाही म्हटलं. "देन हाउ इज इट अवर्स?" मी तिला अभ्यासाला बस म्हणाले. प्रवेश मिळालेल्या मुलीला कसला अभ्यास!

चूक माझी आहे, ती लिहून टाकते. ऑगस्टमध्ये मी कॉलेजच्या वेबसाइटवर मदतीचा अंदाज काढला, तेव्हा घर धरलंच नाही. मनात ते तुझंच होतं. आकडा छान आला. मी नैनाला म्हटलं, "कर अर्ज, पैशाचं मी बघते." ऑक्टोबरमध्ये खरा अर्ज भरला. शेवटी सही होती. तिथे खोटं लिहवेना. अर्ध्या घराची किंमत लिहिली, आणि लिहिताना मला बरं वाटलं. अंदाज परत काढायला हवा होता. काढला नाही.

परवा तू म्हणालास, "ताई, घर तुझं नाही असा मागच्या तारखेचा कागद करून पाठवतो. सांगलीत येऊन कोण बघतंय? तू म्हणजे हरिश्चंद्राची आत्या!" मी हसले. पण तो कागद मला नको. तुला मदत करायची होती हे मला कळतं. हक्कसोडपत्र सात वर्षं तुझ्या कपाटात तयार आहे, हेही कळतं. मी दर वेळी "पाहू" म्हणत आले. वेळ नव्हता, वकील नव्हता, कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट नव्हती. सगळं खोटं. मागच्या खेपेला प्रीता म्हणाली, "ताई, हॉटेलात उतरलात तर तुम्हालाच मोकळं वाटेल." तेव्हाच ठरवलं, सही करायची नाही. तिला बोलू नकोस. ती मनाची वाईट नाही.

आता जे लिहायला चार पानं फाडली, ते लिहिते. मला माझा हिस्सा हवा आहे.

घर विकू नकोस. तुझं तिथे सगळं आहे. तिथल्या कुणा जाणकाराकडून किंमत काढ, माझा अर्धा भाग चार वर्षांत दे, दर उन्हाळ्यात एक हप्ता. नैनाची चार वर्षं त्यात निघतील. शेवटचा हप्ता आला की सही करीन, त्याच दिवसाच्या तारखेने. आईच्या आजारपणात तू जे केलंस त्याचं जे योग्य वाटेल ते आधी वजा कर. मी विचारणार नाही.

बहिणीने असं मागू नये, असं तिथे चारजण म्हणतील. म्हणू देत. मी इंजिनिअर झाले तेव्हाही तेच चारजण होते.

सहा जानेवारीपर्यंत कॉलेजला होय किंवा नाही कळवायचं आहे. नाही म्हटलं तर ही जागा गेली. दुसऱ्या कॉलेजांचे अर्ज ती दाराआड बसून लिहिते आहे. मला दाखवत नाही.

तिला मराठी वाचता येत नाही याचं मला इतकी वर्षं वाईट वाटायचं. आज हे पत्र तिच्यासमोर टेबलावर उघडं ठेवून लिहिलं.

उत्तर "नाही" असलं तरी लिही. फोन करू नकोस, फोनवर मी माघार घेईन.

तुझीच,
ताई