तीन धारांची उकळी

फ्रुंझे, १२ ऑक्टोबर १९७३

काचिबेकदादा, सलाम. वहिनी, पोरं, घोड्या खुशाल असतील.

पण बाटल्या धुणं हे बायकांचं काम, असं तू सलग तिसऱ्या पत्रात लिहिलंस. लिही बापडा. सहावीतून पळालेल्याला प्रयोगशाळेत आणखी काय देणार, खुर्ची? आणि कुणाच्या बाटल्या, ते तरी ऐक.

आमच्या राशिदाबाई तीस वर्षं एकाच मुळामागे आहेत. कुठल्या, सांग? आपल्या उतारावरचा निळा बचनाग! पहिली पंधरा वर्षं त्यांनी पोत्यांनी मुळं कुटली आणि त्यातून विषाचे मिठासारखे खडे वेगळे काढले. मग एक दिवस चंबू बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घेतली. विषाच्या कणात कोण कुणाला धरून बसलंय, कुठला सांधा आधी सुटेल, हे नुसत्या आकडेमोडीनं सांगायचं. लोक हसले, "बाई, चूल सोडून नुसता विचारच शिजवणार का?" बाई म्हणाल्या, "करपलं कशानं, ते नको कळायला?"

मी रोज त्यांचं डोकं खातो.

"बाई, तो सांधा दिसतो?"

"नाही."

"मग कळतं कसं?"

"वारा दिसतो का तुला? घोड्याचे कान दिसतात ना!"

गेल्या महिन्यात त्याच वैतागून म्हणाल्या, "उकळलं की सांधा सुटतो, विषाचा जोर उतरतो, हे खरं. पण किती वेळ? तुमच्याकडे गुडघ्यांवर देतात ना हे? किती उकळतात?"

"घोडीची तीनदा धार काढून होईपर्यंत."

"तासात सांग रे!"

"पाचेक तास. घोडीची धार दर दीड-दोन तासांनी काढतात."

बाईंनी वही उघडली आणि मला मिठीच मारली. त्यांच्या कागदावरही पाचच आले होते! "कुणी शिकवलं तुला?"

"आत्यानं. जिपार तिचं नाव."

"ते नाव माझ्या लेखात हवं. तिला इथं आण." मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, "आणि दोनच धारा झाल्या तर?"

माझ्या हातातला चंबू फुटला.

आम्ही खरंच उकळून बघितलं. मी आपल्या कुरणावरच्या धारांच्या वेळा धरून थेंब काढून दिले. दुसऱ्या धारेला विषाचा डाग कागदावर ठळक. तिसऱ्या धारेला जेमतेम. (तरी कुणी पिऊ नये, असं बाईंनी बजावलंय. प्रत्येक मूळ निराळं.)

दादा, आता खाली बस. त्या उन्हाळ्यात बाबांच्या गुडघ्यांसाठी आत्यानं भांडं चढवलं, जाळ माझ्यावर सोपवला आणि ती वरच्या तंबूत बाळंतिणीकडे गेली. दुसरी धार झाली आणि खालून घोडेस्वारांच्या बोकड-ओढीच्या खेळाचा गलका आला. मला राहवेना. मी भांडं उतरवलं आणि घोडा खाली पिटाळला. परतल्यावर आत्यानं विचारलं, "तिन्ही झाल्या?" मी म्हणालो, "झाल्या." तिनं माझा शब्द धरला. बाबा तो काढा प्यायले आणि संध्याकाळी गेले.

"भावाला खाल्लंस," म्हणून तू तिला उंबऱ्याबाहेर काढलंस. पाच वर्षं झाली. जाळ पोरगं बघत होतं, असं ती एकदाही बोलली नाही. तिला ठाऊक असणार. भांडं उतरलं तेव्हा धारा किती झाल्या होत्या, हे दूध काढणाऱ्या बायकांनी तिला सांगितलं नसेल? आणि मी बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालाही न थांबता शहर गाठलं.

सगळ्या वस्तीला बोलाव. आत्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसव आणि हे पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाच, एक ओळही न गाळता. बाई तिला न्यायला गाडी पाठवणार आहेत, पण आधी ती आपल्या घरात जेवली पाहिजे. त्या गाडीनं मीही येतोय. मारायचं तर तेव्हा मार.

आणि तिच्या जेवणासाठी मेंढा तुझ्या कळपातला कापू नकोस. तो माझा असू दे.

तू म्हणशील तर तुझा भाऊ,
सुयुन

सोबत मेंढ्याचे पंचेचाळीस रूबल.