साबणाला लागणारा वेळ

९ फेब्रुवारी, सोमवार

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस आणि बाबांच्या वस्तू मात्र मावशीबरोबर पाठवायला सांगतेस, म्हणून लिहिते आहे. मावशी उद्या सकाळी तुझ्याकडे निघते. वस्तू तिच्या हाती गेल्या की तुला इथे यायला काही कारण उरणार नाही, हे मला कळतं.

माझी तब्येत ठीक. कारखाना चालू आहे.

बाटल्या भरायचं नवं यंत्र आलं आणि पहिल्याच दिवशी त्याने नाकी नऊ आणले. बाटली भरून नळी वर गेली की साबणाची तार तुटेना. रबरासारखी ताणायची आणि बाटलीच्या तोंडावर लोळायची. लेबलं चिकटेनात. यंत्रवाला म्हणाला, "बाई, मीठ कमी घाला, साबण पातळ होईल."

"पातळ साबण गिऱ्हाईक माझ्याच डोक्यावर ओतेल."

पॅकिंगच्या काकू म्हणाल्या, "साबण कसला, हट्टी पोर आहे ते! ओढलं की अडून बसतं."

"मग काय कडेवर घेऊ?" मी म्हटलं. सगळ्याजणी हसल्या. मीही.

मीठ तेवढंच ठेवलं. भरायचा वेग कमी केला, नळी उचलण्याआधी जरा थांबायला लावलं आणि मग सावकाश उचलली. साबण गुमान खाली उतरला.

कॉलेजात शिकले होते मी हे. अशा द्रवाला बसलेला ताण विसरायला त्याचा स्वतःचा वेळ लागतो. शिथिलन काळ म्हणतात त्याला. त्याहून घाईने ओढलं तर तो रबरासारखा मागे खेचतो. सावकाश घेतलं तर मुकाट्याने वाहतो. तू लहान असताना बाबा बाटलीतच दाखवायचे तुला. झटकन फिरवून थांबवली की आतले बुडबुडे थोडे मागे यायचे. "बाबा, त्याला आठवतंय!" म्हणून तू ओरडायचीस. हळू फिरवली की नाही यायचे.

बाबा गेले त्याच आठवड्यात मी कारखाना पुन्हा उघडला. "आई, तुला काहीच कसं होत नाही गं?" एवढं म्हणून तू बॅग भरलीस. ऑर्डर होती, हे खरं. घरातल्या कुठल्याच खोलीत ते नव्हते, हेही खरं. कारखान्यात निदान यंत्रांचा आवाज असतो.

तुझ्या खोलीचं दार उघडं ठेवते. बंद राहिलं की कोंदट वास येतो.

साबणाचा वेळ मला मोजता येतो. तुझा येत नाही. रोज संध्याकाळी फोन लावते, म्हणजे मी ओढतेच आहे. आजपासून लावणार नाही. थांबेन. किती, ते तू सांगितलंस तर बरं होईल. नाही सांगितलंस तरी थांबेन.

तुझी,
आई

मावशीच्या हाती दिलं: चष्मा, मनगटी घड्याळ, दोन पेनं, बुद्धिबळाचा पट.

दिला नाही: राखाडी स्वेटर. तो माझ्या अंगावर आहे. हवा असेल तर येऊन काढून घे.