ती खुर्ची पुसतं कोण?

शनिवार, संध्याकाळ. टार्निट.

निखिलला अमेरिकेतल्या युनीने बोलावलंय. त्यांच्या फुटबॉलात सगळे बॉल हातात घेऊन पळतात, हा लाथ मारणार. त्यावर शिक्षण फुकट! बाप तयार आहे, माझंच अडलंय.

आज पोराने फोनवर तिथलं स्टेडियम दाखवलं. कॉलेजला एवढं मोठं कशाला? म्हणे लढाईत मेलेल्या पोरांच्या आठवणीत बांधलं. जे परतलेच नाहीत त्यांच्यासाठी एक खुर्ची कायम रिकामी.

"ती पुसतं कोण रे?"

"मम्मी, सिरियसली? हू केअर्स?"

मला तेच कळायला हवंय. तिकिटं संपली तरी तिथे कुणी बसत नाही?

न आलेल्याची जागा राखणारी माणसं माझ्या पोराला जेवलास का विचारतील. सकाळी हो म्हणते. पण गेल्या गेल्या ती खुर्ची कोण पुसतं ते मला कळव, म्हणावं.