येमेन, अमिश तरुण आणि माझं व्याख्यान

२ जून
वाचनालयाच्या सभेत मीच जाहीर करून टाकलं: २२ तारखेला माझं व्याख्यान. विषय दोन. युद्धात होरपळणारं येमेन आणि अमेरिकेतल्या अमिश पंथाचे तरुण. पारनेरात यावर अजून कोणी बोललेलं नाही. रोज चार तास अभ्यास. उद्यापासून.

५ जून
अभ्यास सुरू व्हायचाय. फ्लेक्स छापायला दिला. फोटो चष्म्यासह.

९ जून, सकाळी १०
येमेनचा व्हिडिओ पाहिला. चौदातली नऊ मिनिटं. विषय लक्षात आला. बायको म्हणते, वेल्डिंगवाले चांदभाई अकरा वर्षं येमेनमध्ये होते, त्यांना विचारा. हिला रिसर्च आणि गप्पा यांतला फरक कळत नाही. चांदभाई तिकडे ग्रिलं जोडत होते.

१३ जून
अमिश फार भावले. घोडागाडी, शेती, टीव्ही नाही. आणि सोळाव्या वर्षी पोरांना मोकळीक: जग बघा, पंथात राहायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. केवढ्या मोठ्या मनाचे बाप! दोनदा अधोरेखित केलं.
दुपारी आमच्या अश्विनीने पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म सहीसाठी पुढे केला. नाही म्हणालो. मुलीला एकटं सोडायचं हे वय नाही.

२२ जून, संध्याकाळी ७
हॉल भरलेला. "येमेनची राजधानी सना, तिच्या बंदरावर बाँब पडतायत," अशी दमदार सुरुवात केली. चांदभाई हात जोडून उठले. "सर, सनाला समुद्र न्हाई. डोंगरात हाय ते."
प्रश्न शेवटी घेऊ म्हणालो. पण कोणीतरी त्यांनाच विचारलं, तुम्ही कसे सुटलात? मग ते पाऊण तास बोलले. एडनला खिडक्यांना गाद्या लावून झोपायचे. घरमालक आपल्या पोरांच्या वाटचं पाणी त्यांना द्यायचा. न्यायला आपल्या नौदलाचं जहाज आलं, तेव्हा धक्क्यापर्यंत सोडायला तोच आला. "त्याला न्यायला कोन येनार हुतं?" म्हणाले आणि खाली बसले. लोक उठून त्यांचे हात हातात घेऊ लागले. लोक भावनाप्रधान. आकडेवारी माझ्याकडे होती, कोणी विचारली नाही.
उरलेल्या दहा मिनिटांत अमिश. मोकळिकीचा मुद्दा आवाज चढवून मांडला. टाळ्या. अश्विनीने हात वर केला.
"अमिश बाप सोळाव्या वर्षी सोडतात. मी अठराची आहे, पप्पा. तुम्ही कधी सोडणार?"
वेळ संपली, असं मी सांगितलं. अध्यक्ष रामहरी म्हणाले, वेळ आहे, सर.

२४ जून
फॉर्मवर सही केली. निर्णय सर्वस्वी माझा. घरात दोन दिवस माझ्याशी कोणी बोलत नाही, त्याचा संबंध नाही.

२५ जून
वाचनालयाच्या ग्रुपवर बातमी आली: "चांदभाई यांचे येमेनवरील व्याख्यान रंगले. प्रास्ताविक हनुमंत सरांनी केले. ते थोडे लांबले."